सोमवारचा तांबडा दिवा

विद्युल्लताबाईंचा मुलगा शुभंकर बायकोला, नेहाला, देवासला ठेवून शनिवारी धारला यायचा, आणि सोमवारी निघायला किल्ली फिरवली रे फिरवली की गाडीत इंजिन तापल्याचा तांबडा दिवा पेटायचा. हा सलग चौथा सोमवार.

"आई, इंजिन तर थंडगार आहे गं."

"वरून थंड दिसतं रे! तुझ्या आजोबांनी अस्साच दिवा धुडकावला, तर मानपूरच्या घाटात अशी वाफ उडाली की झाडावरच्या चिंचा उकडून टपाटप खाली पडल्या. राहा आजचा दिवस."

पण या खेपेला शेजाऱ्यांनीच कय्यूम मिस्तरीला बोलावून आणलं. त्यानं बॉनेट उघडलं, पाणी बघितलं, वायरीवरून बोट फिरवलं.

"भिया, सेन्सर तो एकदम चोखा है. इसका पिलग कोई हाथ से निकाल रिया है."

त्यानं प्लग दाबून बसवला, दिवा विझला. प्लगवर हळदीची पिवळी बोटं उमटली होती. बाईंनी लोणचं कालवलेला हात पदराआड लपवला. आता हा रागावून यायचंच सोडेल, अशी धास्ती त्यांना वाटली.

मिस्तरी गेल्यावर शुभंकरनं तो प्लग रुमालानं पुसला आणि स्वतःच्या हातानं पुन्हा काढून ठेवला.

"कारखान्यानं मला दीड महिन्यापूर्वीच काढलं, आई. नेहाला अजून बोललो नाही. आज कामावर का गेलो नाही, हे तिला सांगायला हा दिवा पेटलेलाच राहू दे."