आधी स्वयंपाकघर

बोरगावात उपेंद्रच्या घरावर पत्रे होते. उन्हाळ्यात दुपारी घरात बसवत नसे. पत्र्याला आतून फोम मारला की घर गार राहतं, असं कळल्यावर त्यानं बेळगावहून माणूस बोलावला. त्या माणसानं टेप लावून मोजलं आणि सांगितलं, "फुटाला शंभर रुपये. एका खोलीला तीस हजार."

हातात तीसच हजार होते.

"मग हॉलला मारा," उपेंद्र म्हणाला. "स्वयंपाकघरात कोण बसतंय?"

त्याची बायको कल्याणी आतच भाकऱ्या थापत होती. तिनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं नवऱ्याचं आणि सासऱ्यांचं ताट थेट शेगडीशेजारी मांडलं.

"हॉलमधी आण की," उपेंद्र म्हणाला.

"न्हाय. आजपासनं जेवण हितंच. मी सकाळधरनं हितं उभी हाय, तुमी एक भाकरी तरी बसून खावा."

अर्ध्या भाकरीतच सासऱ्यांचा सदरा भिजून अंगाला चिकटला. हात धुवायच्या आत ते म्हणाले, "उपेंद्र, त्या माणसाला फोन लाव. आधी हिचं स्वयंपाकघर."

फोम मारून झाला. आता दुपारी हॉल तापला की दोघं उशा घेऊन स्वयंपाकघरात येतात. कल्याणी त्यांना अडवत नाही, पुढ्यात लसणाची परडी सरकवते.

"सोलल्याबिगर हितं बसायचं न्हाय," ती नवऱ्याला सांगते. मग सासऱ्यांकडं वळते. "मामा, तुमी पण."