नऊ नंबरचा कौल

"लोकांनीच ठरवलंय, आम्ही नाही," बससेवेचे अधिकारी म्हणाले आणि त्यांनी खेळवाल्याचाच तक्ता खेळवाल्यापुढे सरकवला. "नऊ हजार वेळा खेळला गेला तुमचा खेळ. त्यात सहा हजार वेळा नऊ नंबर बंद. इतका स्पष्ट कौल निवडणुकीतही मिळत नाही कुणाला."

"साहेब, बातमी समजावी म्हणून केलेला खेळ होता तो."

"मग समजली की आम्हाला. सोमवारपासून नऊ नंबर बंद."

खेळवाला हे काही त्याचं नाव नव्हे. वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर तो बातम्यांचे खेळ करायचा, म्हणून कचेरीत त्याला तसं म्हणत. आधी चेष्टेने, मग सवयीने. जुन्या बस भंगारात गेल्या, नव्या आल्या नाहीत, बारापैकी एक मार्ग बंद होणार, ही बातमी चारदा देऊनही कुणी वाचली नव्हती. तेव्हा त्याने ती खेळायला दिली. वाचकाने बससेवेचा प्रमुख व्हायचं. मार्गावर बोट ठेवलं की त्यातले प्रवासी दिसत: शाळेची मुलं, पाळी संपवून निघालेल्या परिचारिका, बाजाराला निघालेल्या बायका. मग एका मिनिटात कुणाची तरी बस तोडायची. निर्णय घेणाऱ्याचं दुखणं वाचकाला कळावं, एवढाच हेतू.

प्रवासी खरे होते. बसमध्ये बसून त्याने ते गाठले होते. नऊ नंबरमध्ये त्याने कौतुकाने स्वतःच्या बाबांनाही बसवलं होतं. बाबा आठवड्यातून तीनदा त्याच बसने डायलिसिसला जात. ती केंद्राच्या दारातच थांबायची. ती नसली तर दोन बस बदलायच्या आणि वर पूल चढून उतरायचा. घरी आल्यावर जिन्यात दोनदा बसणाऱ्या माणसाने पूल चढायचा. दर वेळी भाड्याची गाडी करायला खेळवाल्याचा पगार वर्तमानपत्राचा होता, वर्तमानपत्राच्या मालकाचा नव्हता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याला स्वतःचाच राग आला, आणि त्याहून जास्त त्या सहा हजारांचा.

"चित्रं बघून नऊ नंबरवाल्यांना उतरवलं हो बाई," तो संपादकबाईंना म्हणाला. "काठ्या टेकत चढणारी म्हातारी माणसं दिसत होती, तरी."

"लोक असेच असतात," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. "पहिल्या आठवड्यात दिवसाला जेमतेम पन्नास जण खेळायचे, आठवतं? वरून मला विचारणा झाली होती, हा खेळांचा विभाग हवाच कशाला म्हणून. मग आकडा चढला आणि तुझी खुर्ची वाचली. आता त्याच आकड्याला खोटं म्हणायचं तर पुरावा लागेल."

पुरावा कुठला असणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. रस्त्याने जाताना तो माणसांकडे बघेनासा झाला. फोनवर बोट फिरवणारा प्रत्येक जण त्याला आपल्या बाबांना बसमधून उतरवताना दिसे.

घरी त्याने बस बंद होणार एवढंच सांगितलं. का, ते सांगायला जीभ रेटली नाही.

"बघू काहीतरी," बाबा म्हणाले. मग सवयीने विचारलं, "आज किती जण खेळले रे?"

"पुष्कळ."

बाबांचा चेहरा खुलला. पोराच्या कामाचं त्यांना फार. केंद्रातल्या सिस्टरने तर मागेच सांगितलं होतं, "तुमच्या बाबांमुळे वॉर्डात हल्ली चार तास कसे जातात कळत नाही हो. बाराही खाटांवर नुसती धमाल." खेळवाल्याला तेव्हा बरं वाटलं होतं. बोलका माणूस, कुठेही रमतो.

शनिवारी, बाबांच्या नऊ नंबरमधल्या शेवटच्या फेरीच्या दिवशी, कचेरीतल्या तंत्रज्ञाने त्याला हाक मारली.

"हे बघ. सहा हजारांतले पाच हजार एकाच इंटरनेट जोडणीवरून आलेत. एका छताखालून."

खेळवाला दोनदा वाचून खाली बसला. म्हणजे लोक वाईट नव्हते. कुणी एक लबाड होता. तक्ता पुढे सरकवला गेल्यापासून पहिल्यांदा त्याच्या छातीवरचं ओझं हललं.

"जोडणी कुणाची ते संध्याकाळपर्यंत काढतो," तंत्रज्ञ म्हणाला.

"नाव आण, पहिली बातमी तीच," संपादकबाई म्हणाल्या.

अधिकारीही फोनवर नरमले. "खोडसाळपणा असेल तर बस बंद करत नाही. पण कुणी केलं, ते नाव छापून आलं पाहिजे."

"छापतोच," खेळवाला म्हणाला आणि बाबांना आणायला धावला.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते, हाताला पट्टी, चेहरा नेहमीसारखा उतरलेला. त्याने त्यांना सगळं सांगून टाकलं; खेळाचे आकडे, अधिकाऱ्यांचा निर्णय, लपवलं होतं तेही.

"पण आता काळजी नाही, बाबा. कुणीतरी बदमाश एका जागी बसून हजारो वेळा आपली बस तोडत होता. संध्याकाळी नाव कळेल. उद्या सगळ्या गावाला कळेल."

बाबांनी हातावरची पट्टी चाचपली.

"बदमाश नको रे म्हणूस," ते म्हणाले. "तू रोज तोंड पाडून यायचास, कुणी खेळत नाही म्हणून. आमचा एक हात चार तास मोकळाच असतो. मीच सांगितलं वॉर्डात सगळ्यांना, माझ्या पोराचा खेळ आहे, खेळा. आणि दुसऱ्यांच्या बसमध्ये शाळेची पोरं दिसायची... त्यांना कसं उतरवायचं? म्हणून प्रत्येक वेळी आम्ही आपले आम्हालाच उतरवत होतो."