चांगला गुडघा

डॉक्टर ओतिलिया बेरुमेन यांनी अबुंदियोचा उजवा गुडघा दोन्ही हातांत धरला, नडगी हळूच पुढे ओढली आणि त्या थांबल्या. मग डावा गुडघा तसाच ओढून पाहिला. पुन्हा उजव्याकडे आल्या.

टेबलावर उताणा पडलेला अबुंदियो साल्दिवार छताकडे बघत होता. त्याला धास्ती होती ती डाव्या गुडघ्याची. तो सकाळी उठताना कुरकुरायचा, सामन्यानंतर सुजायचा, आणि आजवर एकाही क्लबच्या डॉक्टरला त्यानं ते कळू दिलं नव्हतं. साकातेकासचा हा फुटबॉल क्लब बहुधा शेवटचाच. चौतिशीतल्या मिडफिल्डरला आता आणखी कोण बोलावणार? डॉक्टरबाईंनी हो म्हटलं तर आज करार, नाही तर परत तोर्रेओनला, सासऱ्याच्या टायरच्या दुकानात.

"हा कधी गेला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"उजवा? उजवा चांगला आहे, डॉक्टरबाई. माझा भरवशाचा पाय आहे तो."

त्यांनी त्याला उठवलं आणि उजव्या पायावर उड्या मारायला लावल्या. त्यानं मारल्या. लांब मार म्हणाल्या, तशाही मारल्या, आणि दर वेळी मांजरासारखा बिनआवाजी खाली आला. डॉक्टरबाई हाताची घडी घालून बघत राहिल्या. मग त्यांनी सकाळच्या एमआरआयचा पडदा त्याच्याकडे वळवला.

"हे मांडीचं हाड, ही नडगी. या दोघांना आतून बांधणारी एक दोरी असते, तिरकी, इथं." त्यांचं बोट एका काळ्या पोकळीवर थांबलं. "तुझ्यात ती नाही."

"फाटलीय?"

"नुसती फाटली असती तर तिची टोकं दिसली असती. ही कधीच विरून गेलीय. खूप वर्षं झाली असतील."

हा दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो असणार, असं अबुंदियो म्हणाला. त्यांनाही सकाळी तसंच वाटलं होतं. नाव तपासून घेतलं होतं त्यांनी.

बाहेर पुढचा पेशंट बसला होता, पण डॉक्टरबाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि त्या विचारत सुटल्या. कधी सुजला होता? कुणी बघितला? आठवून आठवून अबुंदियोनं सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी तो उजव्या कडेनं पळायचा, त्याच्यासारखा वेगवान पोरगा आसपासच्या गावांत नव्हता. मातीच्या एका मैदानावर, कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी वळताना गुडघ्यात हिरवी शेंग मोडल्यासारखा आवाज आला. पाय पपईएवढा झाला. मालिशवाल्यानं बर्फ बांधला, मुरगळलाय म्हणाला. सूज उतरली तसा तो पुन्हा खेळू लागला. फक्त त्यानंतर कुणाला चकवून पुढे जाणं काही जमेना. प्रशिक्षक त्याला काढून टाकायच्याच बेतात होते. तेवढ्यात मधल्या फळीतल्या एकाला लाल कार्ड मिळालं, आणि पुढच्या सामन्यात त्यांनी नाइलाजानं याला तिथं उभं केलं.

"आणि तिथं जमलं."

"तिथं पळून कुणाला हरवावं लागत नाही, डॉक्टरबाई. चेंडू यायच्या आधी मागंपुढं बघून ठेवायचं, आला की एका स्पर्शात देऊन मोकळं व्हायचं."

"तुझ्या सामन्यांचे व्हिडिओ बघितले मी. तू उजवीकडे कधी वळत नाहीस. माहीत आहे तुला?"

"सवय आहे."

"कधीपासून?"

अबुंदियो मनात वर्षं मोजत मागं मागं गेला, थेट त्या कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत. पेपरवाले त्याला 'मास्तर' म्हणत. हा पायानं नाही, डोक्यानं खेळतो, असं लिहीत. सुट्टीत गावी गेला की तोही तिथल्या मुलांना तेच ऐकवायचा.

"म्हणजे डोकं नव्हतंच ते," तो म्हणाला.

"तसं नाही म्हणत मी." डॉक्टरबाई अजून पडद्याकडेच बघत होत्या. "पण आधी कुणाला कळलं, डोक्याला की गुडघ्याला, एवढं मला कुणी सांगायला हवं."

मग आपण नापास का, असं त्यानं विचारलं. पुस्तकाप्रमाणे त्याला घरीच पाठवायला हवं होतं. पण पुस्तकाप्रमाणे तो मघाशी तशा उड्याही मारू शकला नसता. मांडीचे स्नायू त्या दोरीचं काम करतायत, त्या म्हणाल्या, ते करतायत तोवर खेळ. क्लबला त्या सगळं खरं सांगणार होत्या आणि आपला होकारही कळवणार होत्या.

"आणि डावा?" अबुंदियोच्या तोंडून निघून गेलं.

"डाव्याला काय झालंय?"

"काही नाही."

दवाखाना वरच्या मजल्यावर होता. अबुंदियो बाहेर जिन्याच्या माथ्याशी आला. खाली रस्त्यावर, दगडी जिन्याच्या पायथ्याशी त्याची बायको ग्रिसेल्दा उभी होती, हातात कागदात गुंडाळलेल्या गरम गोर्दिता, सारण भरलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या. तिनं हनुवटी उचलून विचारलं, काय झालं? त्यानं होकाराची मान हलवली. तिनं छातीवर क्रूस काढला.

"ये की मग. गार होतायत."

सकाळी हाच जिना तो दोन-दोन पायऱ्या टाकत चढून आला होता. आता त्यानं कठडा धरला.

"डावा दुखतोय का रे?"

"नाही. डावा ठीक आहे."

ग्रिसेल्दा वर बघत थांबली. अबुंदियो सगळ्यात वरच्या पायरीपाशी उभा राहून आपल्या दोन्ही पावलांकडे बघत होता. जिना उतरताना आपण आधी कोणता पाय टाकतो, हे त्याला काही केल्या आठवत नव्हतं.