तांबड्या रेघेच्या वर

"फुंका. अजून. अजून. थांबू नका," कारखान्याचे डॉक्टर म्हणाले.

तो थांबलाच नाही. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले. डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी त्याने छातीतली उरलीसुरली हवा बाहेर काढली. यंत्राच्या पडद्यावर निळी रेघ चढत गेली आणि तांबड्या रेघेच्या वर जाऊन थांबली.

त्याचा जीव भांड्यात पडला. गेल्या वर्षी चौघांची रेघ तांबडीच्या खाली राहिली होती आणि त्याच संध्याकाळी चौघांना घरी बसवलं होतं. अकरा वर्षं फरशी कापलेल्या, खोकणाऱ्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करतं? तीन महिन्यांपूर्वी तर घराचे दोन मजले चढताना त्याच्या नाकी नऊ येत होते. तेव्हाच बायकोने त्याला ताब्यात घेतलं.

ती दवाखान्यात छातीच्या वॉर्डात आया होती. पलंगाखालची भांडी उचलता उचलता ती व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचा शब्द न् शब्द ऐकायची आणि घरी येऊन नवऱ्यावर चालवायची. उताणं झोपवून पोटावर मिठाची पिशवी ठेवायची. पिशवी वर गेली पाहिजे, छाती नाही. मग छातीखाली उशी घेऊन पालथं. मग एका कुशीवर, मग दुसऱ्या. दम लागला की टेबलावर कोपरं टेकून पुढे वाकायचं आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा श्वास सोडायचा. चार आकडे आत, आठ बाहेर. आकडे तीच मोजायची, आणि तिच्या आठ आकड्यांत एखादा अंघोळ करून आला असता.

"श्वास घ्यायला मला आईनेसुद्धा शिकवलं नाही," तो कुरकुरायचा. "तू कोण शिकवणारी?"

"त्यांनी शिकवलं असतं तर माझ्यावर ही वेळ आली नसती. पालथे व्हा."

तिचा धाकटा भाऊ शेजारच्याच यंत्रावर फरशी कापायचा. त्याचा दम तर आणखी आखूड. बहिणीने त्यालाही बोलावलं होतं, पण त्याने ते थट्टेवारी नेलं. "दाजी, रोज पालथे पडता म्हणे," तो सगळ्यांसमोर म्हणायचा. "रांगायला कधी लागणार?"

वॉर्डातल्या त्या बाईंनी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली होती. याने दम पुरतो, छातीत बसलेली धूळ निघत नाही. नवऱ्याला तिथून बाहेर काढा, नाहीतर चार-पाच वर्षांत इथल्याच एखाद्या पलंगावर येतील. तिने घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. आधी आहे ती नोकरी टिकवू, असं दोघांनी ठरवलं. त्यांच्या हातात दुसरं होतं तरी काय?

"गेल्या वर्षीपेक्षा खूपच चांगलं," डॉक्टर म्हणाले. "हे कोणी शिकवलं?"

"बायकोने," तो म्हणाला. एवढा अभिमान त्याला लग्नातही वाटला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीनंतर मुकादमाने सगळ्यांना शेडबाहेर उभं करून यादी वाचली. पाच जणांची रेघ खाली राहिली होती. पाचवं नाव मेव्हण्याचं होतं. मेव्हण्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"या पाच जणांनी उद्यापासून शेडमध्ये पाय ठेवायचा नाही," मुकादम म्हणाला. "रस्त्यापलीकडच्या गोदामात खोकी बांधायची. पगार तोच. वरून नवा नियम आलाय. धुळीने छाती बिघडलेल्याला धुळीत ठेवायचं नाही आणि घरीही बसवायचं नाही."

गोदामाला मोठ्या खिडक्या होत्या. तिथली माणसं तोंडाला फडकं बांधत नसत.

"हे आधी का नाही सांगितलं?" त्याने विचारलं.

"आधी सांगितलं असतं तर सगळ्यांनीच मुद्दाम हळू फुंकलं असतं. तुला कसली काळजी? तू सगळ्यांत वर आहेस. अजून दहा वर्षं कापशील."

"पुढच्या वर्षी खाली आलो तर?"

"एकदम खाली आलास तर नाटक करतोय म्हणतील. तुझा आकडा आता कागदावर गेला."

मेव्हणा मान खाली घालून त्याच्या शेजारून निघून गेला. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. बिचाऱ्याला धड हसताही येत नव्हतं. मुकादमाने हाक मारली तसा तो स्वतः फडकं बांधून पुन्हा यंत्रापाशी गेला. संध्याकाळपर्यंत त्याने नेहमीएवढ्याच फरश्या कापल्या.

बायको दारातच उभी होती. "अहो, काय झालं?"

"पास झालो. सगळ्यांत वर."

तिने पदराने डोळे टिपले. "मी म्हणत नव्हते? पिशवी, पालथं, कूस, सगळं कामी आलं की नाही?"

तो वाकून चपला काढत राहिला. तेवढ्यानेही त्याला दम लागला.

"तुझ्या व्यायामाने काही झालेलं नाही," तो म्हणाला. "डॉक्टर हसले मला. असल्याने फरक पडत नसतो म्हणाले. माझी छातीच मुळात दणकट आहे."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "तीन महिने," ती म्हणाली. "तीन महिने ड्युटीवरून आल्यावर पाठ न टेकता मी..." ती आत गेली आणि भांडी आदळायला लागली.

तो तिची समजूत काढायला गेला नाही. सकाळी तिचा भाऊ गोदामाची बातमी घेऊन येणार होता. नवरा धुळीत राहिला तो आपल्यामुळे नाही, याची तिला त्याआधी खात्री पटायला हवी होती.