टिचबटणांचा लेहेंगा

“सुटतो म्हणजे?” सिद्रामप्पांनी विचारलं. विचारलं म्हणजे, सोलापुरात सात रस्त्यावरच्या लग्नाच्या कपड्यांच्या दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं वळून बघतील अशा आवाजात विचारलं.

दुकानदार बंदेनवाजनं पुन्हा शांतपणे समजावलं. लेहेंगा एकच, पण रूपं वेगवेगळी. अक्षतेला मोठा घेर आणि मागं लांब ट्रेल. जेवायला बसताना ट्रेल काढून ठेवायची. नाचायचं असेल तर वरचा घेरही काढायचा, आत सुटसुटीत साधा घागरा आहेच. सगळं कमरेला टिचबटणांवर. त्यानं ट्रेल ओढून दाखवली. टिच टिच आवाज झाला आणि सिद्रामप्पांच्या कपाळावरची शीर वर आली.

“नवरीचा कपडा हाय का बैलाची झूल?” ते म्हणाले. “आमच्यात अक्षतेच्या आधी गाठ मारून देवळाला फेऱ्या घालत्यात. गाठ ह्या शेपटाला मारायची, आन् शेपूटच सुटं?”

त्यांची बायको मल्लव्वा छताच्या पंख्याकडे बघत बसली होती. नवरा चिडला की पंखा बघायचा, असं तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. घरातल्या पंख्यांवरची धूळ तिला पाठ होती.

खरं तर लेहेंगा निमित्ताला होता. सिद्रामप्पांचं मैंदर्गीत बियाण्याचं दुकान. दुधनीच्या एका अडत्याला त्यांनी भर बाजारात शब्द दिला होता, की आमची चंद्रिका तुमच्या वीरेशला. घरी येऊन सांगितलं, तर पोरगी नको म्हणाली. आता त्या घरात नको म्हणायचा हक्क एकाच माणसाचा, आणि तो त्यांनी वापरून वापरून गुळगुळीत केलेला. ते असे तापले की शेजाऱ्यांनी आपला टीव्ही बंद करून ऐकलं.

मग एक दिवस वीरेश घरी आला. गच्चीवर जाऊन चंद्रिकेशी बोलला. खाली आली ती हो म्हणतच आली. अट एवढीच, लग्नाचे कपडे आम्ही दोघं निवडणार.

तेव्हापासून वीरेश सिद्रामप्पांच्या गळ्यातला ताईत. खाली मान घालून बोलणारा, फोन वाजला की बाहेर जाऊन घेणारा. धंद्यातलं पोरगं, दुसरं काय. पोरीवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एवढी अडून बसलेली पोर एका गच्चीत मऊ पडते, म्हणजे काहीतरी शिजतंय. त्यात हा सुटा लेहेंगा. ऐन वेळी शेपूट नवऱ्याच्या हातात ठेवून ही पसार झाली, तर दुधनीच्या बाजारात तोंड कुठं दाखवायचं?

इकडं दुकानात, वीरेशच्या शेजारी उभ्या चंद्रिकेनं सगळ्यात लांब ट्रेल निवडली.

“येवढं लांब कशाला?” सिद्रामप्पा गुरगुरले.

“बरं दिसतंय की, अप्पा.”

वीरेश तिच्या कानाशी कानडीत काहीतरी पुटपुटला. तिनं मान हलवली. मग तो बंदेनवाजला म्हणाला, “माझ्या शेरवानीचा शेलाबी तसाच करा. खांद्यावर टिचबटण. मॅचिंग व्हईल.”

सिद्रामप्पा त्या दिवसात पहिल्यांदा हसले. जावई हौशी निघाला.

दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता एकटेच सोलापूरला आले, थेट दुकानात शिरले आणि लेहेंग्याची सगळी बटणं शिवून टाकायला सांगितली. टाका असा पाहिजे की उसवणाऱ्याची कात्री मोडावी.

“मग सुटं घेऊन फायदा काय, मालक?”

“फायदा मी बघतो.”

“आणि नवरदेवाचा शेला? तो पण शिवू का?”

सिद्रामप्पांना ह्या प्रश्नाचाही राग आला. “त्याला कशाला? पुरुषमाणूस हाय तो.”

लग्नादिवशी नटून झाल्यावर चंद्रिकेनं कंबर चाचपली. टाके बोटांना लागले. सिद्रामप्पा दारात उभेच होते. आता ही रडणार, भांडणार, म्हणून त्यांनी राग आधीच तापवून ठेवला होता. ती म्हणाली, “पक्कं केलात की, अप्पा. बरं झालं.” आणि आरशाकडे वळली. तापवलेला राग वाया गेला, त्यामुळं ते आणखीच चिडले.

गाठ त्यांनी स्वतः मारली. ट्रेलचं टोक आणि वीरेशचा शेला, तुरीच्या पोत्याचं तोंड आवळतात तशी. नवरा पुढं, नवरी मागं, अशा वीरभद्राच्या देवळाला फेऱ्या सुरू झाल्या. ट्रेल इतकी लांब की नवरा कोपरा वळून दिसेनासा झाला तरी नवरी अलीकडच्या भिंतीशीच. सिद्रामप्पा तिच्या पाठीला चिकटून चालले होते, नजर तिच्या कमरेवर. जरा पाहुण्यांकडेही बघा, असं मल्लव्वानं सुचवून पाहिलं. त्यांनी नुसतं वळून बघितलं. देवळात पंखा नव्हता, म्हणून ती कळसाकडे बघू लागली.

शेवटच्या फेरीला, मागच्या भिंतीशी, चंद्रिका थांबली. बँडवाले दम घेत होते. कुठंतरी जवळच मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

सिद्रामप्पांनी झडप घालून लेहेंगा दोन्ही मुठींत धरला. “पळतीस व्हय गं?”

“कुटं पळू, अप्पा?” चंद्रिका म्हणाली. “मी हितंच हाय की.”

होती खरी. एक टाका हललेला नव्हता. सिद्रामप्पा ट्रेल हातात धरून कोपरा वळले आणि तिच्या टोकापर्यंत गेले. गाठ पक्की होती. गाठीला शेला होता. शेल्यात वीरेश नव्हता.