तेविसावं कार्ड

बावीस कार्डं डावीकडे गेली. उजवीकडे एकच उरलं.

भयकथांच्या चित्रसंग्रहासोबत वाचकांसाठी ठेवलेली ही कार्डं. 'सर्वांत भीतिदायक कथा कोणती?' या प्रश्नापुढे बावीस जणांनी मन मोकळं केलं होतं. 'भूत माझ्या मावशीसारखं दिसतं, फार गोड.' 'पुस्तक जड आहे, छातीवर घेऊन वाचलं की जीव घाबरा होतो, तेवढंच.' 'छपाई उत्तम.' वाचक छपाईची स्तुती करू लागला की चित्रकार संपला, हे अठरा वर्षांच्या संपादनात तोरिगोए हिसाएला पाठ झालं होतं.

"घाबरलंय का कुणी?" मुख्य संपादक मागोमे यांनी मान वर न करता विचारलं.

"एक जण. त्सुरुओकाचे नामेकावा म्हणून आहेत. मुळ्यांची कथा वाचून तीन रात्री झोपले नाहीत म्हणतात."

मागोमेंनी कार्ड हातात घेतलं. पत्ता सुबक अक्षरात होता. मजकूर मात्र रेषा सोडून एकमेकांवर चढलेला.

"पिऊन लिहिलंय. आणि ही मुळ्यांची कथा? आपल्या पुस्तकात आहे?"

नव्हती. हिसाएने दोनदा पाहिलं होतं.

"छापखान्यात दुसऱ्या कुणाच्या पुस्तकाची सोळा पानं त्यांच्या प्रतीत शिवली गेली असतील," ती म्हणाली.

"मग स्तुतीही दुसऱ्या कुणाची. प्रत बदलून देणं आपलं कामच आहे, तुम्हीच जा. ते आपल्या गुरुजींच्या कथेला घाबरले असतील तर दुसऱ्या भागासाठी मी वरच्यांशी भांडतो. नसतील तर गुरुजींना तुम्ही सांगायचं."

संग्रहाचे चित्रकार शिराहामा गुरुजी एक्याऐंशी वर्षांचे. वृद्धाश्रमातून रोज सकाळी दहाला त्यांचा फोन येई. "कार्डं आली?" दुसऱ्या भागासाठी त्यांनी नवी कथा काढायला घेतली होती. हात थरथरायचा, त्यामुळे दिवसाला एकच चौकट होई.

त्सुरुओकात गार वारा सुटला होता. नामेकावांच्या वळचणीला मुळे वाळत टांगलेले होते, लांब आणि पांढरे. हिसाएने ते उगाचच मोजले.

नामेकावा शोझो पूर्वी होड्या बांधायचे. पायांवर रजई घेऊन बुटक्या मेजापाशी बसले होते, ते उठले नाहीत. हिसाएने वाकून नमस्कार केला, मिठाईचा डबा आणि नवी प्रत पुढे ठेवली.

"पानं चुकली असतील तर माफी मागायला आलेय."

"टोकियोहून? अगं योने, चहा टाक. बाईंची पानं हरवलीयत."

त्यांची बायको गालात हसली नाही, नुसती चहाकडे वळली.

"तुम्ही लिहिलेली ती मुळ्यांची कथा," हिसाए म्हणाली, "जरा सांगाल?"

"एक बाई चाळीस मुळे टांगते. सकाळी एक्केचाळीस भरतात. जास्तीचा ती लोणच्यात घालते. रोज असंच. मग एके सकाळी एकोणचाळीसच भरतात." नामेकावांनी पायांवरची रजई वर ओढली. "वाईट काय, तर ती ओरडत नाही. हात पुसते, दोरी घेते, आणि रिकाम्या जागेखाली जाऊन उभी राहते."

हिसाएच्या हातांवर काटा आला. अठरा वर्षांत तिसऱ्यांदा.

"कितव्या पानावर आहे?"

"पान?" त्यांनी किटलीच्या आवाजाकडे तोंड वळवलं. "चार वर्षं झाली, मला हातातला कपसुद्धा दिसत नाही. ही वाचते, मी ऐकतो. चित्रात काय आहे तेही सांगते. अगं, दाखव बाईंना पुस्तक."

"शेजारी दिलंय."

"सकाळी माळ्यावर म्हणालीस."

"मग माळ्यावर असेल," योने म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. कप आणण्याच्या निमित्ताने हिसाए मागोमाग.

योनेने दार लोटलं. तांदळाच्या पिंपामागून तिने पुठ्ठ्याची पेटी काढली. आत पुस्तक होतं, पारदर्शक वेष्टनात, दुकानातून निघालं तसं. पेटीतलं सुटं कार्ड तेवढं नव्हतं.

"मला भीती वाटते हो," ती कुजबुजली. "ते वरचं चित्रसुद्धा बघवत नाही. यांना तर असलंच लागतं, पहिल्यापासून. मग मी समोर बसते आणि मुळे बांधताना सुचलेलं काहीबाही सांगते."

"आणि कार्ड?"

"त्यांनी लिहिलं, पत्ता मी घातला. टाकणार नव्हते, तुम्हांला लगेच कळलं असतं. दोन दिवस ॲप्रनच्या खिशात घेऊन हिंडले. मग टाकलं." तिने पेटी परत मागे सारली. "त्यांना सांगू नका. पुस्तकातलंच आहे असं वाटतं त्यांना."

हिसाए बाहेर येऊन बसली. उजवीकडचं कार्डही आता डावीकडे गेलं होतं. योने आत तिच्यासाठी लोणचं बांधत होती.

"नामेकावासान, एक विनंती आहे," हिसाए हळूच म्हणाली. "ही नवी प्रत आणखी कुणाकडून तरी वाचून घ्या आणि दुसरं कार्ड लिहा. खरं वाटेल तेच लिहा. आमच्याकडे तुमचं एकच आहे. एका म्हाताऱ्या माणसाचं पुढचं पुस्तक त्यावर अडलंय."

"आतलं दार लागलंय?"

"लागलंय."

"ती वाचते तेव्हा पान उलटल्याचा आवाज मला एकदाही आलेला नाही, बाई."

हिसाएने आतल्या दाराकडे पाहिलं.

"सेहेचाळीस वर्षं झाली लग्नाला. बायकोला तोंडावर चांगलं म्हणायची आमच्यात रीत नाही. आता म्हणायला गेलो तर डॉक्टरला बोलावेल. पण माझं टपाल पेटीत तीच टाकते, आणि वाचल्याशिवाय टाकत नाही." त्यांनी चाचपडत नवी प्रत शोधली आणि तिच्याकडे सरकवली. "ते कार्ड तुम्हांला लिहिलंच नव्हतं."