दिवस मावळला

"झाका," मानसिंग पाटील म्हणाले.

आचाऱ्यानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि भाताच्या पातेल्यावर परात ठेवली. सहा वाजून नऊ मिनिटं झाली होती. दिवस मावळला होता.

आष्ट्यातल्या त्या मांडवात चारशे माणसं पंगतीची वाट बघत होती. मुहूर्त दुपारी साडेतीनचा होता; पण मलकापूरचं वऱ्हाड वेशीपासून मांडवापर्यंत दोन तास नाचत आलं. उपाध्यांनी मंत्र आवरते घेत सातवा फेरा पुरा केला, तेव्हा ऊन कधीच उतरलं होतं.

स्वयंपाक मानसिंगांनी स्वतः उभं राहून करून घेतला होता. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. पाणीसुद्धा दुहेरी फडक्यातून गाळलेलं.

नवरदेवाचे वडील वीरधवल चौगुले घाईनं आत आले. "पाव्हणं, पानं मांडा. लोक खोळंबल्यात."

"आता न्हाई. दिवस बुडाला."

"आवं, दहा मिनिटांनी काय होतंय?"

"सकाळी ताजं रांधतो. निजायला हॉल हाय, गाद्या हायत. बारक्या पोरांना मघाच दूध दिलंय."

"आन् हे शिजवलेलं?"

"गावात ज्यांना चालतंय ती नेतील."

वीरधवलांनी आवाज खाली आणला. "हल्ली एवढं कोण पाळतंय? आमच्या थोरल्याच्या लग्नात रात्री दहापर्यंत पंगती उठत हुत्या."

"तुमच्या दारात काय झालं ते तुमचं. हा मांडव माझा हाय."

मानसिंगांच्या पत्नी राहीबाई मध्ये आल्या. "आवं, पोरीचं सासर हाय. तिला तिथं नांदायचंय." पदराचं टोक त्यांनी मुठीत आवळून धरलं होतं.

"म्हणूनच," मानसिंग म्हणाले.

"मग आमी निघतो," वीरधवल म्हणाले. "पोरगी ठिवा तुमच्यापाशी."



संयोगिता बोहल्यावरून उठली. सकाळपासून तिच्या पोटात कपभर दूध तेवढं गेलं होतं. गेलं वर्षभर दिवस मावळल्यावर तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता. सांगलीच्या बँकेत मार्चअखेरीला नऊ-नऊ वाजेपर्यंत बसावं लागलं, तेव्हाही नाही. ती येऊन वडिलांच्या शेजारी उभी राहिली.

"अप्पा म्हणतात तसंच होईल, मामंजी. तुम्हाला जायचं असेल तर मी अडवणार नाही."

पृथ्वीराज, तिचा नुकताच झालेला नवरा, बापाच्या मागं उभा होता. त्यानं डोक्यावरचा फेटा काढून काखेत घेतला आणि चार पावलं चालून संयोगिताच्या बाजूला गेला.

वीरधवल पोराकडं बघत राहिले. राग होता, पण त्याला आता जोर उरला नव्हता.

"एवढा हट्ट कशापायी, अप्पा?" त्यांनी विचारलं.

"गेल्या वर्षी दिवाळीत मी पोरीला घिऊन तुमच्या दारात आलो हुतो. तवा तिच्या तोंडावर काय म्हणालात, आठवतंय?"

वीरधवलांची नजर खाली गेली.

"म्हणालात, रात्री जेवणाऱ्या मराठ्याची पोर जैनाच्या घरात टिकायची न्हाई."